भंगारात जाता जाता राहिलेला पंप

मित्रांनो, मी एका खोदाई यंत्राच्या पोटातला जुना हायड्रॉलिक पंप आहे. तुम्ही रस्त्याकडेला उभे राहून पाहता तो यंत्राचा लांब हात आणि दातेरी बादली. माझ्याकडे कोण पाहणार? पण त्या हातात बळ येतं, ते मी जोराने ढकललेल्या तेलामुळे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी आरशासारखा चकचकीत होतो. अकरा वर्षं पाये खोदले, गटारं खोदली. एकदा चिखलात रुतलेली बस ओढून काढली, तेव्हा आमचा चालक दिवसभर माझंच कौतुक करत होता.

मग एका सकाळी शहराला पाणी नेणारा मोठा नळ जमिनीखाली फुटला. इस्पितळाच्या टाकीत संध्याकाळपुरतंच पाणी होतं. आम्हाला तातडीने बोलावलं. खोदायला सुरुवात केली आणि मी किंचाळू लागलो. यंत्राचा हात थरथरत, रेंगाळत वर जाऊ लागला.

"पंप गेला," ठेकेदार म्हणाला. "टाका भंगारात. नवा मागवतो."

नवा यायला दोन दिवस लागणार होते.

चालकाने आपल्या थोरल्या बहिणीला फोन केला. यंत्रदुरुस्तीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती लगेच आली आणि तिने यंत्राच्या तेलटाकीच्या काचेतून तेल पाहिलं.

"फेस आलाय. तेलाबरोबर हवा गिळतोय हा. मेला नाही रे, ठसका लागलाय त्याला! इतक्यात काही उघडलं होतंस का?"

चालकाने ठेकेदाराकडे पाहिलं. खरं सांगावं तर नोकरीवर गदा येणार. तरी तो बोलला.

"ताई, टाकीकडून येणारी नळी मी गेल्या आठवड्यात बदलली. घाई होती. सांध्यावरची पट्टी नीट आवळली की नाही, आठवत नाही."

तिने त्या सांध्यावर बोटाने ग्रीस फासलं. हवेची वाट बंद झाली आणि माझी किंचाळी एकदम खाली आली.

"सापडला चोर! कर यंत्र बंद, आण पाना."

पट्टी आवळली, तेल पुरं केलं. फेस बसेपर्यंत सगळे वाट पाहत राहिले. मला तो अर्धा तास वर्षासारखा वाटला. मग यंत्र सुरू झालं आणि माझ्यात निखळ तेल आलं. तुम्हाला हवा मिळाली की हायसं वाटतं, मला हवा गेली तेव्हा वाटलं!

दिवस मावळायच्या आत नळ जोडला गेला. इस्पितळातून फोन आला, "टाकीत पाणी पडतंय!" ठेकेदार मटकन मातीच्या ढिगावरच बसला. "नोकरी राहिली तुझी," तो चालकाला म्हणाला. "पण पुन्हा घाई केलीस तर बघ."

मित्रांनो, यंत्र कुरकुरलं तर त्याला निकामी ठरवू नका, आधी त्याचं दुखणं शोधा. आणि चूक आपल्या हातून झाली असेल, तर ती मोकळेपणाने सांगा. त्या चालकाने सांगितली, म्हणून मी आज कामावर आहे.