सोळाव्या लिंकचा पत्ता

सोमवारी साडेदहाला अहवालातली सोळावी लिंक तुटली आणि तिच्याबरोबर अभिलेख कक्षाचं दार गेलं. वनमालाताई तेव्हा आत होत्या.

दाराच्या जागी भिंत होती. तिचा डिस्टेंपर बाकीच्या भिंतींसारखाच, जुना, पोपडे आलेला. मी हात फिरवून पाहिला. कुठेही फट लागली नाही.

आमचं कार्यालय धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचं. पाण्याखाली गेलेल्या एकवीस गावांचा मिळून एक मोठा अहवाल आहे आणि त्यातल्या प्रत्येक नोंदीला एक लिंक आहे. क्लिक केलं की त्या नोंदीचा कागद उघडतो. शनिवारी मी सगळे फोल्डर जुन्या कॉम्प्युटरवरून नव्या सर्व्हरवर हलवले होते. हलवल्यावर फाइलींचे पत्ते बदलतात, पण लिंकांना जुनाच पत्ता पाठ असतो. त्या तिथे जातात आणि तिथे कुणी नसतं.

बिडवे साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांनी भिंत पाहिली.

"गवंड्याला बोलवू का?" मी विचारलं.

"भिंतीत दोष नाही. लिंक दुरुस्त करा, मॅडम. बारा वाजता अहवाल वर पाठवायचाय."

इंटरकॉम वाजला. वनमालाताई होत्या.

"हेमांगी, दार कुठं गेलं गं?"

"लिंक तुटलीय, ताई. बघते मी. तुम्ही बसून घ्या."

"बसलेच आहे. रॅकं तेवढी लांब लांब चाललीत."

त्या कक्षात त्यांना तीस वर्षं झाली होती. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. मला टिपणी लिहायला त्यांनीच शिकवलं. अजूनही रोज अर्धी भाकरी न विचारता माझ्या डब्यात ठेवायच्या.

मी लिंकवर राइट-क्लिक करून पत्ता उघडला. 'कक्ष' या शब्दापुढे एक जागा जास्त सुटली होती. ती काढली आणि क्लिक केलं. भिंतीत दार आलं. मी धावत जाऊन उघडलं, तर आत साहेबांची केबिन होती आणि बिडवे साहेब सह्या करत बसले होते.

"दार लावून घ्या," ते मान वर न करता म्हणाले.

मी लावलं, तेव्हा ते पुन्हा भिंत झालं. तेवढ्यात सतरावी लिंक तुटली आणि जिना गेला. अठरावीबरोबर खिडक्या गेल्या. खोलीत फक्त स्क्रीनचा उजेड राहिला. माझं टेबल भिंतीला टेकलं होतं. मी ते सरकवलं नव्हतं.

मग मी सगळ्या सर्व्हरवर शोध घेतला. अभिलेख कक्ष सापडला. तो 'बुडीत गावे' या फोल्डरमधे होता, 'मौजे तळकोंड'च्या आत. शनिवारी माउसचं बटण माझ्या हातून कुठे सुटलं ते मला कळलं. मी इंटरकॉम लावला.

"ताई, कक्ष तळकोंडात गेलाय. माझ्याच हातून."



"तरीच पाणी आलंय," त्या म्हणाल्या. "घोट्यापर्यंत आहे. तळकोंड आमचं गाव. धरणाची दारं लावली तेव्हा मी चौथीत होते."

तीस वर्षांत त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

मी कक्षाची फाइल तिथून उचलायला गेले. स्क्रीनवर सूचना आली: ही फाइल उघडलेली आहे. वापरकर्ता, वनमाला इंगवले. फाइल बंद करून पुन्हा प्रयत्न करा.

"ताई, तुम्ही आत आहात तोवर ती हलत नाही. तुम्ही बंद केलीत तर कक्ष इकडे येईल. त्याच्याबरोबर तुम्ही याल की नाही, ते कुठे लिहिलेलं नाही."

"आणि बंद नाही केली तर?"

"तर मी लिंकला नवा पत्ता देते. दार येईल. पण ते तळकोंडात उघडेल."

फोनमधून पाण्याचा आवाज येत होता. मी केबिनच्या दिशेनं ओरडून साहेबांना विचारलं, काय करू.

"लिंक चालली पाहिजे," साहेब म्हणाले. "ती कुठे उघडते, हा आपल्या शाखेचा विषय नाही."

"कमरेपर्यंत आलं गं," वनमालाताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. "नवा पत्ता दे. दुसऱ्यांची घरं लिहिण्यात जन्म गेला. आमचं घर इथं समोर दिसतंय, ते बंद करायला लावू नकोस."

"ताई, ऐका ना."

त्यांनी रिसीव्हर बाजूला ठेवला असावा. कुणीतरी राखेनं भांडी घासत असल्याचा आवाज आला, आणि एका कोंबड्याचा.

मी पत्ता टाइप केला. बुडीत गावे, मौजे तळकोंड, अभिलेख कक्ष. दोनदा तपासला. क्लिक केलं. निळी लिंक जांभळी झाली.

दार आलं होतं. मी ते उघडलं.

चौकटीत पाणी उभं होतं. थेंबही बाहेर येत नव्हता. पलीकडे हिरवट उजेडात एक गल्ली होती, दोन्ही बाजूंना रॅकं, आणि रॅकांच्या मधेमधे घरांची दारं. वनमालाताई एका ओट्यावर पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी हाक मारली. त्या वळल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर खोचून गल्लीच्या दिशेनं कुणाला तरी ओरडून सांगू लागल्या. मला ऐकू आलं नाही.

एकेक दार उघडलं. माणसं बाहेर आली. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, हातात हंडे. सगळी माझ्याकडे चालत येऊ लागली.

"झाली का चालू?" मागून साहेबांनी विचारलं.

"हो, साहेब."

"किती नोंदी आहेत तिथे?"

"दोनशे चौदा घरं."

सगळ्यात पुढचा म्हातारा चौकटीपाशी थांबला. त्यानं हात वर केला आणि आतून पाण्यावर टेकवला. माझ्या बाजूला पाणी पाच बोटांच्या आकारात फुगलं.