तीन मिनिटांचा चढ

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा, चित्त इकडे द्या. एका सज्जन माणसाची गोष्ट सांगतो. सज्जनाची आहे, म्हणूनच तिची जास्त भीती वाटते.

शाळेची बस चालवणाऱ्या त्या ड्रायव्हरला मुलं घड्याळमामा म्हणत. डेपोतून निघाला की छत्तिसाव्या मिनिटाला बस शाळेच्या फाटकात. कधी म्हणून चुकायचं नाही! पण त्या सकाळी मामा परतला तो घामाघूम. पिशवीत चाकाखाली चेपलेली पाण्याची बाटली होती. तेवढ्यात बसच्या जीपीएस नोंदी तपासणाऱ्या ताईंचं बोलावणं आलं.

ताईंनी एक कागद पुढे सरकवला. खाली वेळ, बाजूला अंतर आणि मधे पेन्सिलीची रेघ.

"अठरा किलोमीटर, छत्तीस मिनिटं," मामा घाईघाईने म्हणाला. "ताशी तीस, ताई! सायकलवालेसुद्धा हसतात मला."

"हसू देत. ही रेघ इथे बारा मिनिटं आडवी का पडलीय?"

"ते... पहिलं मूल चढायच्या आधी चहा घेतो. जरा गप्पा होतात."

"आणि शेवटी हा एवढा चढ?"

मामाच्या जिवात जीव आला. "चढ? शाळेपुढचा रस्ता तर तळहातासारखा सपाट आहे!"

ताई हसल्या नाहीत. "मामा, हे रस्त्याचं चित्र नव्हे. गाडी थांबली की वेळ सरतो, अंतर वाढत नाही, म्हणून रेघ आडवी. थोड्या वेळात खूप अंतर कापलं की रेघ खडी. हा चढ तुमच्या वेगाचा! तीन मिनिटांत चार किलोमीटर. ताशी ऐंशी, मामा. शाळेसमोर!"

"पण सरासरी..."

"रस्ता ओलांडणाऱ्या लेकरासमोर सरासरी येते का हो? ऐंशीची बस येते. सेकंदाला बावीस मीटर! आणि मग ही रेघ एकदम मोडून आडवी झालीय. काय झालं तिथे?"

मामाने पिशवी उघडली. त्याने बाटली काढून टेबलावर ठेवली.

"पोर... वीतभर लांब होती, ताई. तिच्या हातातली ही बाटली चाकाखाली गेली. रडलीसुद्धा नाही. नुसती बघत राहिली माझ्याकडे. देवानेच ब्रेक लावला!"

"लावला, त्याचे उपकार. पण रोज त्याला तुमच्या ब्रेकवर पाय ठेवायला लावू नका."

मामा ढसाढसा रडला. संध्याकाळी त्या मुलीच्या आईपुढे उभा राहिला, सगळं कबूल केलं, तिचे चार कडू शब्द खाली मानेने ऐकले. दुसऱ्या दिवसापासून चहा परतीच्या वाटेवर गेला. आता थांब्याथांब्यावरच्या बारीक पायऱ्या सोडल्या तर रेघ सारखी, सौम्य चढते. तेच अठरा किलोमीटर, तीच छत्तीस मिनिटं!

मंडळी, रमतगमत घालवलेला वेळ आपण पुढे दुसऱ्याच्या जिवावर भरून काढतो, आणि वर वेळेवर पोचल्याची फुशारकी मारतो. उद्या गाडीला किल्ली लावाल तेव्हा, फाटकासमोर रिकाम्या हाताने उभ्या राहिलेल्या त्या पोरीची तेवढी आठवण ठेवा.