दामिनीचं पातळ दूध

बाळाचं वजन घटलं असं सांगितलं की घरातली माणसं आधी काट्याकडे बघतात, मग माझ्याकडे. बाळाकडे सगळ्यात शेवटी.

सात वर्षं झाली, मी गावातल्या नव्या बाळांची वजनं करते. शाळा माझी सातवीपर्यंत. गडचिरोलीला पंधरा दिवस शिकवलं, बाकीचं बाळांनी शिकवलं. त्यांच्या आज्यांनी मात्र माझं शिकलेलं विसरायला लावायचा चंगच बांधलेला असतो.

इंदिराबाईची नात त्या दिवशी बारा दिवसांची होती. सून दामिनी हिला माय नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. नवरा सुरेंद्र आंध्रात मिरची तोडायला गेलेला. बाहेर चैत्राचं ऊन आणि बाळंतिणीच्या खोलीत दार लावून शेगडी. मी पोरीला झोळीत घालून काटा आड्याला टांगला. पोर रडलीही नाही, नुसती कुरकुरली. दोन किलो तीनशे. जन्मली तेव्हा दोन किलो सहाशे होती.

"पाजतेस ना वं?" मी दामिनीला विचारलं. तिनं सासूकडे पाहिलं.

"तिचं दूध पातळ हाये साधनाबाई," इंदिराबाई म्हणाली. "मी वाटीत पिळून पाह्यलं. निळं पाणी नुसतं! म्हून बकरीचं देऊन राह्यलो, कापसाच्या बोळ्यानं."

"अन् दामिनीले काय देता?"

"भात. पाणी सकाळी एक गिलास, संध्याकाळी एक गिलास. दूध घट्ट होईपर्यंत तेवढंच. वरणात पाणी कमी टाकलं का वरण घट्ट होते का नाई?"

या बाईनं चांगला विचार करून, मन लावून, एकाच वेळी दोघींना वाळवायला घेतलं होतं.

"इंदिराबाई, सून म्हणजे चुलीवर ठेवलेला वरणाचा गंज नाई!"

दामिनीला हसू आलं आणि सुकलेला ओठ फाटून त्यावर रक्ताचा थेंब आला.

मग मी माझं सगळं पुराण लावलं. आईचं दूध असंच दिसते, त्यातच सगळं असते. पोर जितकं ओढते तितकं ते येते, ओढलं नाई तं आटते. बकरीचं दूध एवढ्याशा पोटाले झेपत नाई. इंदिराबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माह्या सासूनं माह्यासंगं हेच केलं. सुरेंद्र वाढला का नाई?"

सुरेंद्रच्या आधीची दोन पोरं कुठं गेली, हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

आवाज ऐकून बाहेर सपरीत, ओसरीवर, जाळं विणत बसलेले इस्तारीभाऊ दाराशी आले. दामिनीचे सासरे. सारा जन्म गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, मासोळ्या धरण्यात गेलेला.

"घटली म्हणते पोरगी," इंदिराबाईनं तक्रार केली.

"हा काटा म्हणते?" त्यांनी नुसतं पाहूनच निकाल दिला. "तलावावर ठेकेदार असाच टांगता काटा आणते. सात किलोची मासोळी त्यात पाचची होते. हे त्याच जातीचं दिसून राह्यलं."

"भाऊ, हा बाळांचा काटा हाये!"

"तो बी म्हणते सरकारी हाये."

मी चुलीजवळची मिठाची किलोची पुडी आणून काट्याला लावली. बरोबर एक किलो.

"मिठाले खरंच सांगते," इस्तारीभाऊ शांतपणे म्हणाले. "ठेकेदाराचा बी मिठाले खरंच सांगे."

माझं डोकं फिरलं. मी पोरीला झोळीतून काढलं आणि सरळ त्यांच्या हातांवर ठेवलं. "घ्या. काटा नको अन् मी बी नको. तुम्हीच सांगा."

ते दचकले. पण जन्माच्या दिवशी दाईनं पोर बाहेर आणली तेव्हा यांनीच तिला दोन्ही पंजांवर घेऊन, माझा काटा पिशवीतून निघायच्या आत, "दोन किलो सहाशे" म्हटलं होतं. आता ते तसेच उभे राहिले. मासोळीसारखं वरखाली हलवलं नाही. डोळे मिटले. जरा वेळानं उघडले, आणि माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाले,

"अवं, पोरगी उतरली."

"किती?" मी विचारलं.

"तीनशे. थोडी जास्तच असन."

त्यांनी पोर दामिनीच्या मांडीवर ठेवली, मडक्यातलं पाणी लोटाभर आणलं आणि सुनेसमोर धरलं. सासऱ्यानं बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकणं त्या घरात ठाऊक नव्हतं. दामिनीनं डोक्यावर पदर ओढला आणि लोटा एका दमात संपवला.

"दुधाचं पाणी होईन नं!" इंदिराबाई ओरडली.

"होऊ दे," इस्तारीभाऊ म्हणाले आणि दुसरा लोटा भरायला गेले.

आता पोर लगेच प्यायला लागली असती, तर मी सुखानं घरी गेले असते. पण तिला बोळ्याची सवय लागलेली. स्तन तोंडात दिला की जिभेनं ढकलायची, थकायची, झोपायची. मी तिच्या तळव्याला टिचक्या मारत होते, ओठांवर थेंब पिळत होते. दामिनी घामानं आणि रडण्यानं ओली झालेली. अर्धा तास गेला. आणि इंदिराबाई दारातून, "पाहा, घेते का? पातळ हाये म्हून घेत नाई."

"इंदिराबाई!" मी ओरडलेच. "एक तं चूप बसा, नाई तं इकडे येऊन हात लावा!"

ती आली. रागानंच आली. सुनेच्या मागे बसून तिला आपल्या छातीला टेकवून घेतलं, तिच्या कोपराखाली गुडघा सरकवला. "असं वाकून काय पाजते वं? पोरीले वर घे. टेक मले. टेक म्हणतो नं."

दामिनी टेकली. खांदे सैल पडले. पोरीनं दोनदा ढकललं आणि तिसऱ्यांदा धरलं. हनुवटी खालीवर होऊ लागली, घशातून गुटुक आवाज आला. मी पिशवीतलं थर्मामीटर काढून पुसत बसले.

चौथ्या दिवशी गेले. दोन किलो चारशे.

"शंभरच ग्रॅम?" इंदिराबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "दिवसरात्र पाजून राह्यली, माठच्या माठ रिकामे करून राह्यली, अन् शंभरच?"

"शंभर लय असते, बाई."

"लय कायचं!" ती सुनेकडे वळली. "बसली काऊन वं? दुसऱ्या आंगाले लाव तिले."