रॅकचं घड्याळ

रॅक सुरू करताना आधी घड्याळ लावायचं, मग बाकी सगळं. वीज गेली की यंत्राला दिवस आठवत नाही. आपण सांगू ती तारीख खरी मानून ते पुढच्या नोंदी लिहीत जातं, आणि एकदा लिहिलेलं पुसत नाही. माझ्या नवऱ्यापेक्षा बरं म्हणायचं. मी सांगितलेलं त्यानं कधीच खरं मानलं नाही.

"मनांग, गुरुवार टाका," एंजिनिअर बाकाल्सो म्हणाले. मनांग म्हणजे थोरली ताई; साइटवर सगळे मला तसंच म्हणतात.

सोमवार होता, सकाळचे दहा. फिलिपिन्समधल्या सेबूतल्या या नव्या इस्पितळाच्या तिन्ही तळघरांत फोन लागावा म्हणून छतांना अँटेना लावल्या होत्या. त्या सगळ्यांचं मूळ या रॅकमध्ये. तो सुरू होईपर्यंत खाली एकट्यानं उतरायचं नाही, हा नियम. शुक्रवारी एंजिनिअरांनी आमच्या रोल्डानला तिसऱ्या तळघरातलं पाणी उपसायला एकट्यालाच पाठवलं. पंपाच्या धुरानं तो तिथंच गेला.

"गुरुवारी हा रॅक खोक्यात होता, एंजिनिअर."

"खोकं सांगायला येणारेय का? गुरुवारपासून फोन लागत होता, एवढंच नोंदीत दिसू दे. त्यानं केला नाही, हा त्याचा हलगर्जीपणा. गेलेल्याला काय फरक पडतो?"

"त्याच्या बायकोला पडतो."

"आणि तुमच्या पोरीचं नर्सिंगचं अजून एक वर्ष आहे ना, मनांग?"

रोल्डानच्या बायकोनं, दिविनानं, त्याच्या शवपेटीवर कोंबडीचं पिल्लू सोडलंय, हे तोवर साइटवर सगळ्यांना कळलं होतं. कुणी मारलेल्या माणसाच्याच पेटीवर पिल्लू सोडतात. ते पेटीच्या काचेवर टोचतं, आणि ते टोचणं मारणाऱ्याच्या मनाला लागावं. एंजिनिअर तिकडे फिरकले नव्हते. फुलं पाठवली होती, मोठी.

मी गुरुवार टाकला. चौदा वर्षं खरी तारीख टाकणारी हीच बोटं.

मग नेहमीसारखं. वीजपुरवठा, पंखे, मुख्य पेटी, मग एकेका तळघराचं यंत्र, मध्ये जरा थांबत. पहिला दिवा हिरवा. दुसरा हिरवा. तिसरा कितीतरी वेळ पिवळाच राहिला, मग हिरवा झाला.

खिशात फोन थरथरला. नाव रोल्डानचं.

त्याचा फोन सापडला नव्हता. पाण्यात गेला असेल म्हणून कुणी शोधलाही नव्हता. रेंज मिळेल म्हणून त्यानं तो वर, पाइपावर ठेवला असणार, त्याच्या त्या विटेएवढ्या पॉवरबँकसकट; आता खाली रेंज येताच अडकलेले मेसेज सुटले. साइटच्या वहीत लिहितात तशी वेळ आधी टाकायची त्याला सवय होती.

"शुक्र २.१०. मनांग, डोकं गरगरतंय. कुणाला तरी पाठव."

"शुक्र २.१४. मनांग, हे जात नाहीये का?"

एंजिनिअर माझ्या खांद्यावरून वाचत होते. "पुसून टाक," ते म्हणाले. पहिल्यांदाच एकेरीवर आले.

मी तिसरं यंत्र बंद केलं. मग दुसरं. मग पहिलं. मग सगळंच.

"काय चाललंय?"

"घड्याळ चुकलंय, एंजिनिअर. पहिल्यापासून लावते."

सोमवार टाकला. नोंदीत वरचा खोटा गुरुवार तसाच राहणार, माझ्या नावासकट. खालचा सोमवारही माझ्याच नावाचा. विचारणारे विचारतील, तेव्हा दोन्हींचं उत्तर मीच द्यायचं.

दुपारी दिविनाकडे गेले. मेसेज दाखवायच्या आधी तिला गुरुवारचं सांगितलं. तिनं फोन हातात घेऊन दोन्ही ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग सरकून पेटीपाशी मला जागा करून दिली.

पिल्लू टोचत होतं. मी बसून राहिले.