राज्याभिषेकानंतरची पानं

आमच्या मंडळाचा गोष्टींचा वर्ग रविवारी सकाळी दहाला भरायचा. जागा म्हणजे व्यायामशाळेच्या वरचा हॉल. खाली कुणी वजन आपटलं की वर आमच्या खुर्च्या थरथरायच्या. सुरुवातीला तीसेक मुलं यायची, मग पंधरा, मग आठ. त्या वर्षी चारच उरली होती आणि त्यांतली दोन सेक्रेटरींची स्वतःची, म्हणजे धरून आणलेली. सेक्रेटरी दातांचे डॉक्टर होते.

पोथी मी सांगायचो. थोरल्या कथेची. राजपुत्राचा वनवास, राणीचं हरण, समुद्रावरचा सेतू, दहा तोंडांचा तो राजा आणि शेवटी राज्याभिषेक. वर्षाला एक फेरी. राज्याभिषेक झाला की मी पोथीला नमस्कार करायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून धरायचो.

वर्ग सुटला की मोठी माणसं चहाला मागे थांबायची आणि सगळ्यांचं एकच रडगाणं. मुलांना काही नको. नायकाच्या भावांची नावं विचारा, एक येत नाही. माझा आवाज सगळ्यांत मोठा. आपली संस्कृती बुडाली म्हणून मी अशा काही तावात बोलायचो, जणू ती माझ्याच दुकानात धुवायला टाकली होती आणि ही पोरं न्यायला फिरकलीच नाहीत.

एकदा सात वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, दहा डोकी होती तर तो कुशीवर कसा झोपायचा?"

सगळे हसले. मी चिडलो. "असले प्रश्न इथे विचारायचे नाहीत," म्हणालो. पुढच्या रविवारी ती आली नाही. मी तिलाही संस्कृती बुडवणाऱ्यांत धरून टाकलं. खरं तर तो प्रश्न मलाही लहानपणी पडला होता. फक्त बापाला विचारायची माझी छाती झाली नव्हती.

माझा बाप परीट, त्याचा बापही परीट. मी लॉन्ड्री चालवली, चाळीस वर्षं. ही कथा मला बापाने सांगितली, इस्त्री करता करता, गठ्ठ्यामागून गठ्ठा संपवत. त्याला वाचता येत नव्हतं, मलाही नव्हतं. त्याची कथा राज्याभिषेकाला संपायची. राजा-राणी सिंहासनावर बसले की तो इस्त्री उभी करून ठेवायचा आणि म्हणायचा, "झालं. चला जेवायला." गल्लीतली शाळेत जाणारी पोरं मला कधी कधी 'राणीला घालवणारा' म्हणून चिडवायची. मला वाटायचं, त्यांच्या कुठल्या खेळातलं असेल.

दुकान मुलाच्या हाती दिलं आणि एकसष्टाव्या वर्षी मी प्रौढांच्या वर्गात जाऊन बसलो. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीपेक्षा लहान. वर्षभरात अक्षर लागलं. मग पोथी आणली आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागलो. दीड वर्ष लागलं. राज्याभिषेकाला पोचलो तर पुढे अजून बरीच पानं शिल्लक. वाटलं, स्तोत्रं असतील. वाचत गेलो.

स्तोत्रं नव्हती. राज्यात एक परीट होता. त्याची बायको एक रात्र घराबाहेर राहिली म्हणून त्याने तिला दाराबाहेर काढलं. वर म्हणाला, परक्याच्या घरी राहून आलेली बायको परत घ्यायला मी काही राजा नाही. ते बोलणं राजाच्या कानावर गेलं आणि राजाने पोटुशी असलेल्या राणीला रानात सोडायला सांगितलं.

मी पोथी मिटली. त्यानंतरही सहा वर्षं वर्गात राज्याभिषेकालाच थांबलो. बापाने तो भाग आपल्या जातीच्या, धंद्याच्या लाजेपोटी गाळला असेल. माझं तसं नव्हतं. ते वाचताना मला दिसली ती माझी थोरली मुलगी.

तिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. कामावरून निघायला उशीर झाला, शेवटची बस चुकली म्हणून ती एक रात्र बरोबर काम करणाऱ्या बाईकडे राहिली. नवऱ्याने आणि सासूने तिला घरात घेतलं नाही. ती एक पिशवी आणि कडेवर वर्षाची पोर घेऊन भर दुपारी माझ्या दुकानात आली. मी तिला परत पाठवलं. तिने तिथे आणखी चार वर्षं काढली, मग स्वतःच बाहेर पडली, पण आमच्याकडे राहायला आली नाही. दोन खोल्या घेतल्या, चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम धरलं. येणं-जाणं राहिलं. माझा चष्मा तिनेच केलेला. त्या दुपारविषयी आम्ही दोघं कधी बोललो नाही.

कडेवरची ती पोर म्हणजे मुंगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव. आता सतरा वर्षांची. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसू लागली, तेव्हा मी तिला म्हणालो, "मुंगे, रविवारी येऊन वाचत जा. माझ्यामागे कुणी तरी हवं."

"मला नाही त्यात रस, आजोबा."

"कसा असेल? मोबाइलमधून मान वर काढलीत तर ना."

"मान वर काढली की तुम्ही भाषण देता."

मी सोडलं नाही. डॉक्टरांनी एकदा चहाच्या वेळी टोमणा मारला होता, "तुमची स्वतःची नात काही दिसत नाही कधी?" तो मला लागला होता. चारचौघांत दाखवायचं होतं की निदान माझ्या घरात तरी पोथी जिवंत आहे. शिवाय मनात भीतीही होती. मुलाच्या पोरांना भाषा धड येत नाही. ही गेली की पोथी माझ्याबरोबरच संपली.

शेवटी ती आठवडाभर पोथी घरी घेऊन गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "वाचते. पण कुठलं पान, ते मी ठरवणार."

"कुठलंही वाच," मी खूश होऊन म्हणालो. "सगळं सोनंच आहे."

मी दहा जणांना फोन केले. त्या रविवारी हॉलमध्ये पस्तीसेक माणसं जमली. डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या खुर्च्या स्वतः मांडल्या. मुलगी सुट्टी काढून आली, शेवटच्या रांगेत बसली. मी मुंगीच्या शेजारी माइकसमोर, नवा सदरा घालून.

तिने पोथी मागच्या बाजूने उघडली. तिसऱ्या ओळीला मला कळलं ती कुठे आहे. वाचत होती मात्र छान, स्वच्छ, कुठे न अडखळता. माणसं मान डोलावत होती, मग हळूहळू डोलावायची थांबली. परटाचं वाक्य आलं. ते तिने जराही आवाज न चढवता वाचलं.

"पुरे," मी म्हणालो.

ती वाचत राहिली. मी पानावर हात ठेवला.

"तो भाग मागाहून कुणी तरी घातलेला आहे," मी लोकांकडे बघून म्हणालो. हे मी कुठे तरी ऐकलं होतं, त्या क्षणी कामाला आलं. "खरा नाही तो."

"मग पोथीत का आहे?" मुंगीने विचारलं.

डॉक्टर मागून म्हणाले, "बाळ, मोठ्यांशी वाद घालू नये."

"वाद कुठे घालतेय, काका? वाचतेय. आजोबाच म्हणाले, सगळं सोनं आहे."

दोन-चार जण हसले. आणि मी माइकमध्ये म्हणालो, "तुम्हा पोरांना चांगलं काही दिसतच नाही. घाण शोधायची तेवढी अक्कल."

खाली कुणी तरी वजन आपटलं. मुंगीने माझा हात पानावरून उचलून बाजूला ठेवला, झटकला नाही, नुसता ठेवला. पोथी मिटून माझ्या मांडीवर दिली आणि रांगांमधून चालत बाहेर गेली. शेवटच्या रांगेतून माझी मुलगी उठली, पर्स खांद्याला अडकवली आणि तिच्या मागोमाग गेली. माझ्याकडे बघितलंही नाही.

चहाच्या वेळी एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "बरं केलंत हो. आजकालच्या मुलींना काही धरबंधच उरला नाही."

मी मान हलवली. पानावर हात ठेवला त्याची लाज वाटतेच. पण त्या मान हलवण्याची जास्त वाटते.

घरी आलो. बायकोला सगळं आधीच कळलं होतं. तीन दिवस तिने मला ताट वाढलं आणि कामापुरतं बोलली. चौथ्या दिवशी मी म्हणालो, "तू एकदा त्यांच्याकडे जाऊन ये ना. समजाव."

"मी कशाला?" ती म्हणाली. "ती पोर घेऊन दुकानात आली, त्या दिवशीही मी मागच्या खोलीतच होते. तुम्हीच 'बाहेर येऊ नकोस' म्हणालात. आता तुमचं तुम्ही बघा."

संध्याकाळी मुलीकडे गेलो. दार तिनेच उघडलं. "या बाबा," म्हणाली, रोजच्यासारखं. खोलीत एक टेबल, त्याच्या एका बाजूला मुंगीची वह्या-पुस्तकं, दुसऱ्या बाजूला मुलीने घरी आणलेलं काम: फ्रेमा, छोटे स्क्रू, मऊ फडकं. मी मधल्या खुर्चीवर बसलो. मुंगी लिहीत होती, तिने मान वर केली नाही.

"मुंगे," मी म्हणालो, "तो भाग खरा आहे."

"खरा-खोटा मी कुठे म्हणाले? पोथीत आहे, एवढंच म्हणत होते."

"बाबा, राहू द्या आता," मुलगी म्हणाली.

"का राहू द्या?" मुंगीने पेन खाली ठेवलं. "आजोबा, मला रस नाही म्हणाले, तर का नाही ते विचारलंत एकदा तरी? मी सहा वर्षांची असेन. तुम्ही घरी गोष्ट सांगायचात, मी तुमच्या मांडीवर, आई समोर भाजी निवडत बसलेली. राज्याभिषेक आला की आई उठून आत जायची. दर वेळी. मला वाटायचं, गोष्ट संपली म्हणून उठत असेल. मग शाळेच्या लायब्ररीत पूर्ण गोष्ट मिळाली. तेव्हा कळलं, संपलेली नसते."

मी मुलीकडे बघितलं. ती शाळेत शिकलेली. तिला पुढचं सगळं ठाऊक होतं, मला अक्षर लागायच्या कितीतरी आधीपासून. आणि मी दर वर्षी तिच्यासमोर राजा-राणीला सिंहासनावर बसवून नमस्कार करत होतो.

"आणि मला हेही माहीत आहे," मुंगी म्हणाली, "की तुम्ही आम्हाला परत पाठवलंत. तेवढं आजीने सांगितलं. पण काय म्हणालात, ते कुणी सांगत नाही. आईला दोनदा विचारलं. ती म्हणते, आठवत नाही."

"आता काय त्याचं, पोरी. सोळा वर्षं झाली."

"परटाचं वाक्य अजून आहे पोथीत. तुमचंच तेवढं का गाळायचं?"

मुलीने एक काच उचलली, उजेडाला धरली आणि फडक्याने पुसू लागली. वाटलं, ती म्हणेल, पुरे झालं, अभ्यास कर. एवढं म्हणाली असती तरी मी सुटलो असतो. ती काच पुसतच राहिली.

"काउंटरवर दोन गिऱ्हाइकं होती," मी म्हणालो. "त्यांतल्या एकाने विचारलं, लेक आली वाटतं राहायला? मी हसून म्हणालो, छे, उभ्या उभ्या आलीय. मग तुझी आई आत यायला लागली, तर मी काउंटरची फळी उचलली नाही. ती बाहेरच्या बाजूला उभी राहिली. तू झोपेतून उठली होतीस."

"काय म्हणालात?"

हे वाक्य मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. एवढी वर्षं ते विसरलो असं स्वतःला सांगत आलो होतो आणि त्यातला एक शब्दही हललेला नव्हता.

"म्हणालो, 'रात्रभर बाहेर राहिलेलं कापडसुद्धा मी पुन्हा धुतल्याशिवाय आत घेत नाही.'"

मुंगी माझ्याकडे बघत राहिली.

"गिऱ्हाइकांसमोर?"

"त्यांना ऐकू जाईल असं."

"गिऱ्हाइकं हसली?"

"एक हसला."

मुंगीच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त ऐकत होती, अगदी लक्ष देऊन. वर्गात एवढं लक्ष देऊन माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"मग?" ती म्हणाली. "आई काय म्हणाली?"

"काही नाही," मी म्हणालो. "तुला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, पिशवी उचलली आणि गेली."

"मी म्हणाले होते," मुलगी म्हणाली.

आम्ही दोघंही तिच्याकडे वळलो. तिने काच फ्रेममध्ये बसवली आणि स्क्रू शोधायला लागली.

"तुम्ही तेवढ्यात पाठ फिरवून वाफेची इस्त्री सुरू केलीत. तुम्हाला ऐकू गेलं नसेल."

"काय म्हणालीस?"

"पाणी मागितलं होतं," ती म्हणाली. "मला नको होतं. हिला तहान लागली होती."