उलटा काटा

ऑक्टोबरमध्ये टॅनर नदीचे पाणी उतरले की तळातले धोंडे पाठी उघड्या टाकून बसतात, आणि पाणी त्यांच्यामधून असे जाते, जसे कुणी झोपलेल्या माणसांमधून पाय न वाजवता जावे.

आनेके होफ्स्ट्रा या नदीवर सव्वीस वर्षे वाटाडी होती. पाहुण्यांना रबरी नावेतून आणायचे, स्टीलहेड मासा कुठल्या धोंड्याच्या आडोशाला थांबतो ते दाखवायचे, आणि गळाला लागलेला मासा पाण्याबाहेर न काढता सोडवून पुन्हा नदीच्या स्वाधीन करायचा, एवढे तिचे काम. समुद्रातून परतलेले हे मासे आता इतके विरळ झाले होते की नदी कुठल्याही दिवशी मासेमारीला बंद होईल असे गावात बोलले जात होते. तिच्या प्रत्येक सकाळची सुरुवात मात्र सव्वीस वर्षे बदलली नव्हती. पाहुण्याची पिसांची माशी, म्हणजे गळावर पिसे बांधून केलेले आमिष, हातात घ्यायची, गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, आणि मग गळ आपल्या निळ्या लोकरी स्वेटरच्या बाहीवरून ओढून पाहायचा. लोकर अडकली नाही तर गळ साफ. अडकली तर पुन्हा पक्कड. त्यामुळे तिची उजवी बाही कायम विसविशीत असे. तिचा नवरा पीटर म्हणे, "तुझा स्वेटर कसर खात नाही, पाहुणे खातात."

अर्व्हिन टालबट हा तिचा सर्वांत जुना पाहुणा. अकरा वर्षे तो आणि त्याची बायको मेव्हिस आयडाहोहून दोन दिवस मोटार हाकत येत. अर्व्हिन दिवसभर नदीत कमरेपर्यंत उभा राही. मेव्हिस लाकडी खोलीतल्या खिडकीशी बसून त्याच्यासाठी माशा बांधी. तिने स्वतः कधी गळाची काठी हातात धरली नाही. "माझी माशी पाण्यात गेली की मी गेलेच ना," असे ती म्हणे, आणि दाताने दोरा तोडी. एप्रिलमध्ये ती वारली. या वर्षी अर्व्हिन एकटाच आला, त्र्याहत्तराव्या वर्षी, आणि चार दिवस त्याने दुकानातल्या माशा पाण्यात फेकल्या. एकाही माशाने तोंड लावले नाही.

पाचव्या, शेवटच्या दिवशी दुपारी, नाव काठाला लावलेली असताना, त्याने खोकल्याच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी काढली. डबीत काळ्या-जांभळ्या पिसांची एकच माशी होती. डोक्यापाशी दोरा नीट आवळलेला नव्हता; त्याचे एक टोक मोकळेच होते.

"आज ही," तो म्हणाला.

आनेकेने ती घेतली. तिचा दुसरा हात न सांगता खिशातल्या पकडीकडे गेला.

"पक्कड ठेव आत."

"अर्व्हिन, नियम आहे."

"नियम मला शिकवू नकोस. तू दूधपीती होतीस तेव्हापासून पाळतोय. लोखंड बघ जरा! मेव्हिसच्या बापाचा गळ आहे तो. दाबलास की टचकन तुटेल. मग घरी काय नेऊ, पिसांचा बोळा?"

तिने गळ उजेडात धरला. उलट्या काट्याच्या बेचक्यात गंजाची तपकिरी रेघ होती. तो खरे बोलत होता.

"मग वापरू नका. डबीतच राहू दे."

"डबीसाठी बांधली का तिने?" अर्व्हिनचा आवाज एकदम खाली आला. "एकदा पाण्यातून फिरू दे फक्त. मासा नकोय मला, आनेके. देवाशपथ नकोय."

आनेके नदीकडे पाहत राहिली. मग तिला जे सुचले ते तिला शहाणपणाचे वाटले, दोघांचेही मन राखणारे. वळणाच्या खाली एक उथळ, सपाट पट्टा होता. तिथे ना खोली, ना आडोसा. वाटाडे त्याला 'सोमवारचे चर्च' म्हणत, कारण तिथे कधी कुणी नसे. सव्वीस वर्षांत तिने त्या पाण्यात एक मासा थांबलेला पाहिला नव्हता.

"सोमवारच्या चर्चमध्ये फिरवा," ती म्हणाली.

अर्व्हिन चार दिवसांत पहिल्यांदा हसला. "तिथं तर बेडूकसुद्धा मुक्काम करत नाही."

"म्हणून तर."

दोरीला माशी बांधताना तिने सवयीनेच गळ बाहीवरून ओढला. लोकर अडकली. तिने ती सोडवली. एक निळा तंतू काट्यातच राहिला. तो तिला दिसला होता. पाण्यात निघून जाईल, असे तिला वाटले.

नाव वळणाखाली लावल्यावर अर्व्हिन गुडघाभर पाण्यात उतरला. दोन्ही हातांनी त्याने लांब काठी फिरवली, दोरी हवेत उलगडली आणि माशी पलीकडच्या काठाशी अलगद बसली. प्रवाहाने ती हळूहळू ओढत अर्धवर्तुळात अलीकडे आणली. तो ओठांतल्या ओठांत काही बोलत होता. मग त्याने रीतीप्रमाणे खालच्या अंगाला दोन पावले टाकली आणि पुन्हा फेक केली. एकदाच म्हणाला होता. तीनदा झाली, चारदा झाली. आनेकेने त्याला अडवले नाही. रिकाम्या पाण्यात एका म्हाताऱ्याने चार पावले जास्त चालावे, यात कुणाचे काय जाणार होते?

पाचव्या फेकीला दोरी थांबली.

धोंड्याला अडकावी तशी ती नुसती थांबली, आणि मग त्या धोंड्याने डोके झटकले. रीळ किंचाळले. सपाट पाण्यातून चांदीचा एक लांबट तुकडा पुरता बाहेर आला आणि कोसळला.

"नको!" अर्व्हिन ओरडला. "नको, नको, जा!"

आणि त्याने तेच केले, जे आयुष्यभर सपाट केलेल्या गळाने मासेमारी केलेला माणूस करतो. काठी खाली झुकवली, दोरी सैल सोडली. काटा दाबलेला गळ सैल दोरीला क्षणात सुटतो. नको असलेला मासा असाच सोडतात. काटा दाबलेला नाही, हे त्या क्षणी त्याच्या हातांना ठाऊक नव्हते. आनेकेच्या तोंडातूनही "ढील द्या!" हेच शब्द गेले, आणि गेल्याबरोबर तिला कळले.

ढील मिळताच मासा उलटा फिरला, आणि गळ सुटण्याऐवजी आत उतरला.

पंधरा मिनिटांनी ती मादी आनेकेच्या हातांत होती, हाताएवढी लांब, गालांवर नुकती गुलाबी झाक चढलेली. पोटात पुढच्या मे महिन्यात घालायची अंडी. समुद्रातून निघाल्यापासून बहुधा काही न खाता ती इथवर आली होती, आणि बर्फाखालचा अख्खा हिवाळा अंगच्या चरबीवर काढायचा तिचा बेत होता. कल्ल्यातून रक्त येत होते, पातळ, न थांबणारे. पाणी ते क्षणात पुसून टाकी आणि ते क्षणात पुन्हा येई. आनेकेने कल्ल्याचे झाकण बोटाने उचलले. लाल झालरीत काळी पिसे रुतली होती, आणि गळाच्या वाकणाशी एक निळा तंतू.

"ओढला तर कल्लाच येईल हातात," ती म्हणाली. "दोरी कापावी लागेल. माशी आतच राहील."

अर्व्हिन तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला होता. त्याच्या रबरी विजारीत वरून पाणी शिरत होते.

"मेव्हिसची—" आनेके म्हणू लागली.

"माहितीये मला. काप म्हणतो ना, बाई!"

तिने कापली. मादीचे तोंड प्रवाहाकडे करून तिने एक हात पोटाखाली आणि एक शेपटीशी धरला. असे धरायचे आणि वाट पाहायची. माशात जीव आला की तोच शेपटीचा झटका देऊन निघून जातो. या कामात माणसाला याहून जास्त काही करता येत नाही.

"सोड्याची बाटली!" अर्व्हिन एकाएकी उठला. "माझ्या पिशवीत सोडा आहे. कल्ल्यांवर ओतला की रक्त थांबतं म्हणतात."

"अहो, ती बाष्कळ गोष्ट आहे. दारूच्या गुत्त्यातली."

पण तो धोंड्यांवरून धडपडत नावेकडे गेलाही होता. परत आला तेव्हा हातात संत्र्याच्या सोड्याची बाटली होती. ती त्याला उघडता येईना. बोटे गारठली होती. त्याने झाकण दातांनी फिरवले. आनेकेने मादीचे डोके किंचित वर उचलले, आणि त्याने तो नारिंगी, फसफसणारा सोडा देवळातले तीर्थ द्यावे तसा सावकाश ओतला. फेस झाला. फेस वाहून गेला. त्यामागून पुन्हा रक्त आले.

बाटली रिकामी झाल्यावरही तो ती तिरकी धरून बसला.

"दगड घाल तिच्या डोक्यात," तो शेवटी म्हणाला. "हाल तरी थांबतील."

"तशी मुभा नाही. जिवंत असो वा मेलेली, तिला पाण्यातच सोडायचं." ती थांबली. "आणि मुभा असती तरी नसता घातला. तुम्हीही नसता."

उन्हाने पलीकडचा डोंगर सोडला होता. उतरणीच्या घाटापर्यंत दीड तासाची नाव होती, मध्ये दोन खळाळ. निघायला हवे होते. आनेकेची बोटे आता तिची राहिली नव्हती. काय धरले आहे ते तिला डोळ्यांनी पाहावे लागत होते. तिने पकड सैल केली. मादी कलली, पांढरे पोट दिसू लागले. तिने घाईने पुन्हा सावरली. काही वेळाने पुन्हा सैल केली, पुन्हा तेच.

"गेली का?" अर्व्हिनने विचारले.

कुठले जाणे तो विचारत होता, ते आनेकेला कळले नाही. रक्त थांबले होते. त्यालाही दोन अर्थ होते. कल्ले उघडत होते आणि मिटत होते. ती खूप वेळ ते पाहत होती, आणि मग तिच्या ध्यानात आले की प्रवाह तोंडातून आत शिरतो आहे आणि कल्ल्यांतून बाहेर पडतो आहे. मासा मेलेला असता तरी त्याने ते असेच उघडले-मिटले असते. शेपटी हलत होती. हातातली काटकीही या पाण्यात अशीच हलली असती.

"सांगता येत नाही," ती म्हणाली.

"एप्रिलमध्ये मशीन लावलं होतं," अर्व्हिन म्हणाला. तो मादीकडेच पाहत होता. "छाती वर-खाली होत होती. मी नर्सला विचारलं, ही घेतेय का श्वास, की ते घेतंय? तीही हेच म्हणाली. असंच, तुझ्यासारखं. दुसरीकडे बघत."

आनेकेला काही तरी म्हणायचे होते. ते पाणी मी निवडले. लोकर मला दिसली होती. पण हे आत्ता म्हणणे म्हणजे स्वतःचे ओझे त्याच्या मांडीवर टाकणे होते, म्हणून तिने ते गिळले.

त्याने आपले हात पाण्यात घातले आणि तिच्या हातांखाली सरकवले. "दे इकडे. तुझी बोटं निळी पडलीत."

तिने हात काढून घेतले. ते तिला बगलेत धरावे लागले; तरी काही कळेना. उजव्या बाहीची सुटलेली लोकर ओली होऊन मनगटाला चिकटली होती.

"अर्व्हिन, अंधार पडेल. खळाळ आहेत."

"हो."

"निघायला हवं."

"हो, हो. निघू." त्याने मादीचे तोंड आणखी थोडे प्रवाहाकडे वळवले. "ही आधी जाऊ दे."

आनेके त्याच्या मागे उभी राहिली, कारण दुसरे करण्यासारखे काही उरले नव्हते. पाणी कल्ले उघडत होते, मिटत होते.