तोंडावर हात

गुलाबी शर्टाचा दिवस म्हणजे लॉरीनबाईंचा सण. बाहेर उणे एकतीस, आणि आठवीची पोरं जाड कोट काढत वर्गात येताहेत तर प्रत्येकाच्या अंगात गुलाबी शर्ट, त्यावर छापलेलं, ‘छळाला नाही म्हणा.’ सव्वीसच्या सव्वीस. गेल्या वर्षी अकरा होते. बाईंना भरून आलं.

यंदा तसं कारणही होतं. वर्गातल्या मार्नी फ्रीसनचे कुणीतरी चोरून व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकले होते, आणि पोर दोन आठवडे घरी बसली होती. तिची आई फोन घेऊन बाईंकडे आली.

“एकदा बघा तरी, मॅडम.”

“नको. असली घाण मी बघत नाही. तुम्ही तिला पाठवा, बाकी माझ्यावर सोडा.”

असं छातीठोकपणे सांगताना माणसाला फार बरं वाटतं. तरीही आईने ते व्हिडिओ असलेल्या पानाचा पत्ता बाईंना पाठवून ठेवला, आणि सोमवारी मार्नी शाळेत आली.

आज वर्गाचा फोटो शाळेच्या पानावर जायचा होता. नुसतं उभं काय राहायचं, असं बाई म्हणाल्या, तशी टीगन पुढे सरसावली. टीगन वर्गाची प्रतिनिधी, जिभेवर साखर, बाईंच्या गळ्यातला ताईत.

“मिस, सगळ्यांनी तोंडावर हात ठेवू या. म्हणजे, आम्ही कुणाला वाईट बोलणार नाही.”

“वा. सुचतं कसं गं तुला?”

“सुचलं आपलं.”

मागे कुणीतरी खोकलं. बाईंनी मार्नीला मुद्दाम मधोमध उभं केलं. पंचवीस हात तोंडांवर गेले. ती तेवढी हात खाली सोडून उभी.

“मार्नी, हात वर.”

ती बाईंकडे बघत राहिली.

“अगं, सगळे थांबलेत तुझ्यासाठी. आज तू एकटी पडायची नाहीस. चल, हात वर.”

तिने हात वर केला. बाईंनी तीन फोटो काढले आणि त्यातला चांगला टाकला.

शाळा सुटेपर्यंत फोटोखाली घोड्यांची दीडशे चित्रं जमली. पोरांची काहीतरी नवी टूम असेल, असं बाईंना वाटलं. मग एकाने लिहिलं, ‘पंचवीस नकली, मधली अस्सल.’ तेव्हा कुठे त्यांनी मार्नीच्या आईने पाठवलेलं पान उघडलं.

नऊ व्हिडिओ होते. डबा खाताना, बसमध्ये, व्यायामशाळेत, सगळीकडे मार्नी हसत होती आणि पुढे आलेले दात झाकायला तोंडावर हात नेत होती. वरून घोड्याचं खिंकाळणं जोडलेलं. एक तर याच वर्गातला होता. फळ्यापाशी लॉरीनबाई काहीतरी विनोद सांगत होत्या, आणि मार्नी त्यालाच हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्नी आपलं कपाट रिकामं करायला आली. बाहेर आई गाडी चालू ठेवून बसली होती.

“मार्नी, मला माहीत नव्हतं गं. शप्पथ.”

“असू दे, मिस.” तिने वह्या पिशवीत भरल्या. “मला वाटलं, तुम्हीपण त्यांच्यातल्याच. दोनदा म्हणालात ना, हात वर.”

बाईंचा हात नकळत तोंडावर गेला. मार्नीने तो पाहिला, पिशवी उचलली आणि चालू लागली.